दुधातले मटार जमेपर्यंत

आमच्या आजीचे दुधातले मटार-बटाटे ती गेल्यापासून घरात कोणालाच जमले नाहीत. आईने केले, मावशीने केले, मीपण अधूनमधून फ्रोझन मटार आणून करून बघितले, खायला बरे लागायचे पण दोन घास खाल्ले की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि कोणीतरी म्हणायचंच, की नाही रे, हे ते नाही. रेसिपी कुठे लिहिलेली नाही. आईला विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं, मटार घ्यायचे, बटाटे घ्यायचे, शिजले की दूध घालायचं, मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर, झालं. किती मटार? "अरे पुरतील इतके." किती वेळ? "शिजेपर्यंत." पीठ लावायची का घट्ट करायला? "छे, पीठ कशाला?" आता पीठ नाही, क्रीम नाही, तरी आजीचा रस्सा चमच्याला चिकटून बसायचा आणि आमचा मात्र बशीभर पळायचा, हे कोडं काही सुटत नव्हतं.

तर यंदा म्हटलं, आधी मटार पिकवू आणि मग बघू. आजी बाजारातून मटार आणत नव्हती, परसात लावायची, एवढं तरी सगळ्यांना नक्की आठवत होतं.

बियांचं पाकीट उघडलं तर आतले दाणे सगळे सुरकुतलेले. पहिला विचार हाच आला की जुनं बी गळ्यात मारलंय, पण वाचल्यावर कळलं की गोड मटाराचं बी असंच असतं. आणि हे तेच सुरकुतलेले आणि गुळगुळीत दाणे, ज्यांची मेंडेलने 1856 ते 1863 या काळात ब्रनोच्या मठाच्या बागेत मोजदाद केली, शाळेत आपण ते चौकोन काढून पाठ केलं होतं ना, तेच. तेव्हा मार्कांपुरतं पाठ केलं, स्वयंपाकाशी त्याचा काही संबंध असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. तर दाणे सुरकुततात का, त्याचं कारण शास्त्रज्ञांना 1990 मध्ये सापडलं. सुरकुतलेल्या दाण्यात स्टार्च बनवणारं एक एन्झाइम नीट काम करत नाही, त्यामुळे साखर साखरच राहते, स्टार्च कमी होतो, साखरेमुळे दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळला की साल सैल पडून सुरकुत्या येतात. गुळगुळीत दाण्यात स्टार्च जास्त, गोडवा कमी, पण थंड ओल्या मातीत तो कुजत नाही, लवकर पेरला तरी चालतो.

मी दोन्ही आणले. एका वाफ्यात सुरकुतलेले, दुसऱ्यात गुळगुळीत. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की एक गेलं तर दुसरं हाताशी असावं.

लागवडीचं फार सांगत बसत नाही. थंडी ओसरायला लागली की बी टाकायचं, साधारण दोन इंच अंतरावर, वर चढायला काटक्या रोवायच्या किंवा जाळी लावायची, आणि पक्ष्यांपासून कोंब सांभाळायचे. खत फारसं लागत नाही कारण मुळांवरच्या गाठींतले बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन घेऊन वेलाला देतात. बी टाकल्यापासून शेंगा हातात यायला बहुतेक वाणांना दोन-सव्वादोन महिने लागतात, आपल्याला मात्र पी हळद आणि हो गोरी असं झालेलं असतं, मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन वेलांशी जाऊन उभा. मटाराला ऊन सोसत नाही एवढं लक्षात ठेवा, तापमान सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर जायला लागलं की फुलं गळतात आणि मग शेंगा धरत नाहीत, म्हणून उशीर करून चालत नाही.

मटार यायच्या आधी बाकीच्या भाज्यांनी घर भरलं. मुळे आधी, लाल छोटे गोल. मुळा लोण्यात परतून खाल्लाय का कधी? नसेल तर खा. कच्च्या मुळ्याचा जो झणका असतो तो दाताखाली पेशी फुटल्यावर एका एन्झाइममुळे तयार होतो, आणि गरम केलं की ते एन्झाइमच निकामी होतं, त्यामुळे परतलेला मुळा एकदम मवाळ, जरासा गोड, मुळा आहे हे सांगावं लागतं. उभे दोन भाग करायचे, कापलेली बाजू खाली ठेवून लोण्यात हलवाहलवी न करता लालसर होऊ द्यायची, मग पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण, मीठ, आणि शेवटी मुळ्याचाच पाला चिरून टाकायचा. पाला हाताला खरखरीत लागतो म्हणून लोक फेकतात पण चटका बसला की तो पालकासारखाच बसतो. आजी पाला कधी फेकत नसे. हे तिचं होतं.

पालकाचं तर सगळ्यांना माहीत आहे, टोपलीभर तोडला तरी वाटीभर होतो, नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं त्यात. कांद्याची पात घालून, अंडी फोडून, झाकण ठेवून आई रविवारी करायची तो प्रकार मी पुन्हा सुरू केला. पालक आधी एकटाच कढईत टाकून बसू द्यायचा आणि पाणी पूर्ण उडवायचं, ओला असताना अंडी फोडली तर खाली तळं होतं. पाणी उडालं की लोणी, चिरलेली पात, मीठ बेताचं, कारण पालक बसल्यावर मीठ एकदम वर येतं, मग चमच्याने खळगे करून त्यात अंडी. पांढरं घट्ट झालं आणि पिवळं अजून हलतंय तेव्हा गॅस बंद. आमच्या मुलीने दात खडबडीत लागतात म्हणून तक्रार केली, ते पालकातल्या ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमुळे होतं, बाकी काही नाही, पानं कोवळी तोडायला लागल्यापासून तिची तक्रार पण कमी झाली.

मग शेंगा भरल्या.

पहिली शेंग तोडून तिथेच उभ्याने खाल्ली आणि मग बायकोला हाक मारली, मग मुलगी आली, आणि तिघांनी मिळून पहिला सगळा तोडा वेलापाशीच संपवला, घरात एक दाणा आला नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात सतराव्या शतकाच्या शेवटी कोवळ्या मटाराचं असंच खूळ होतं म्हणे, राजवाड्यात भरपेट जेवून आलेल्या बायका घरी जाऊन झोपायच्या आधी परत मटार खात बसायच्या, 1696 च्या एका पत्रात तसं लिहून ठेवलंय. वाचलं तेव्हा हसू आलं होतं, आता नाही येत.

दुसऱ्या तोड्यापासून शिस्त लावली. आधी पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, मगच बाहेर जायचं. हे नाटक वाटतं पण कारण आहे. शेंग तोडली तरी दाणा जिवंतच असतो, आतली साखर खर्च होत राहते, थोडी स्टार्चमध्ये बदलते, आणि गरम हवेत हे काही तासांतच जिभेला कळतं. सकाळी तोडलेल्या आणि संध्याकाळी शिजवलेल्या मटारात फरक पडतोच, लगेच शिजवायचं नसेल तर शेंगा न सोलता सरळ फ्रीजमध्ये टाकायच्या. एक किलो शेंगांतून साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅम दाणे निघतात, त्यामुळे टरफलांचा ढीग बघून जीव हळहळतो, पण ती टाकायची नाहीत. धुऊन, बुडतील इतक्या पाण्यात कांद्याच्या पातीची मुळाकडची टोकं टाकून वीसेक मिनिटं उकळायची आणि मिक्सरला फिरवून गाळायची, गाळायचीच, कारण टरफलाच्या आत जो पातळ कागदासारखा पापुद्रा असतो तो कितीही शिजवला तरी घशात अडकतो. ते हिरवं गोडसर पाणी म्हणजे सूपचा पाया. त्यात विरळणी करताना उपटलेली बोटभर गाजरं, नवे बटाटे, शेवटी मूठभर मटार. बस.

आता मुख्य पदार्थ. कोवळे मटार, नवे बटाटे, आईने सांगितलं तसं दूध, आणि पीठ न लावता पळतंच हे अनुभवाने माहीत असल्यामुळे मी सरळ लोण्यात चमचाभर मैदा परतून व्हाइट सॉस करून घेतला. मटार उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, वर झाकण नाही, लगेच निथळून सॉसमध्ये. हिरवेगार, टपोरे, दाताखाली फुटणारे, दिसायला कुठल्याही फोटोत शोभावे असे. बायको म्हणाली आतापर्यंतचे सगळ्यात छान. आईला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. तिने बशीत बघितलं, एक घास खाल्ला, छान आहे म्हणाली, आणि मग हळूच, "पण आईचे असे हिरवे नसायचे रे."

हा मुद्दा इतक्या वर्षांत कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. खरंच की, आजीचे मटार शेवाळी रंगाचे असायचे, मळकट म्हणा ना. मटार मळकट होतात ते दोन-तीन गोष्टींनी, जास्त वेळ शिजवले की, झाकण ठेवून शिजवले की, आणि आंबट काही घातलं की. हिरव्या रंगाच्या क्लोरोफिलमध्ये मधोमध मॅग्नेशियम असतं, भाजीतलीच आम्लं गरम झाल्यावर त्याला हुसकावून लावतात आणि रंग मळतो, झाकण काढून ठेवलं तर ती आम्लं थोडी वाफेबरोबर निघून जातात, ठेवलं तर आतच राहतात. काही लोक यावर खायचा सोडा टाकतात, रंग टिकतो हे खरं पण दाण्यांचा लगदा होतो आणि जीवनसत्त्वांचंही नुकसान होतं, मी त्या वाटेला जात नाही. तर आजी झाकण ठेवून, भरपूर वेळ शिजवायची. पण इतके कोवळे मटार कोणी भरपूर वेळ का शिजवेल? आजीला काय स्वयंपाक येत नव्हता? तिच्या हातची मुळ्याची भाजी अर्ध्या मिनिटाने जास्त शिजलेली मला आठवत नाही.

आईला मग मी खोदून खोदून विचारायला लागलो. कधी करायची ती हे? पहिल्या मटारांचे? आई म्हणाली छे, पहिले मटार तुम्ही पोरं वेलावरच संपवायचात, उरलेले वाफवून लोणी लावून. दुधातले मटार शेवटी शेवटी, वेल पिवळे पडायला लागले की, ज्या शेंगा पानांआड राहून गेल्या त्यांचे. आणि मग तिला आणखी आठवलं, की पुढच्या वर्षाचं बी आजी त्याच वेलांचं धरायची, ते डब्यात असायचं आणि आम्ही लहानपणी ते वाळलेले मटार गोट्यांसारखे खेळायचो. म्हणजे गोल होते? "गोलच. गुळगुळीत. घरंगळायचे ना फरशीवर."

झालं, इथे ट्यूब पेटली.

मी पुढे काही केलं नाही, नुसतं थांबलो. गुळगुळीत बीच्या वाफ्यातल्या शेंगा तोडायच्याच बंद केल्या. त्या फुगल्या, मग फिकट पडल्या, हाताला लागणारी तकाकी गेली, टरफलावर जाळीसारख्या शिरा दिसायला लागल्या. सोलल्या तर आतले दाणे एकमेकांवर दाबून चौकोनी झालेले, साल जाड, कच्चा खाऊन बघितला तर गोडवा जवळजवळ नाहीच, पिठूळ. ज्याला आपण निबर म्हणतो आणि बाजारात दिसला तर नाक मुरडून पुढे जातो, अगदी तोच माल. हे दाणे तीन मिनिटांत शिजत नाहीत, माझे पस्तीस-चाळीस मिनिटं मंद आचेवर झाकणाखाली होते. आणि शिजता शिजता काही साली फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो, आणि पातेल्यातलं पाणी आपोआप दाटायला लागतं, त्यात दूध घातलं की तो रस्सा तयार. पीठ कशाला, खरंच कशाला! इतकी वर्षं मनात बटाट्यांवर संशय होता की तेच विरघळून घट्टपणा येत असेल, पण नवा बटाटा चिकट जातीचा, कमी स्टार्चचा, तो आकार सोडत नाही, त्याच्याकडून ते काम होणारच नव्हतं.

फ्रोझन मटारांनी का जमत नव्हतं तेही यातच आलं. फ्रोझनसाठी मटार मुद्दाम कोवळे आणि गोड असतानाच काढतात, तोडल्यावर काही तासांच्या आत उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, 1930 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला बर्ड्सआयची पहिली फ्रोझन पाकिटं दुकानात आली तेव्हापासून मटार त्यात आहेत. चांगलीच गोष्ट आहे, माझ्या फ्रीजमध्येही कायम असतात. पण त्यांच्यात निबर दाणा येणारच नाही, कंपनी येऊच देत नाही, आणि आपल्याला नेमका तोच हवा.

आणि ती चिमूटभर साखर! आई कोवळ्या गोड मटारांतही इमाने इतबारे साखर घालायची आणि ते खीर केल्यासारखं गुळचट व्हायचं, आम्ही काही बोलायचो नाही. आजी साखर घालायची ते निबर मटारात, जिथली साखर वेलावरच संपलेली असायची. तिथे ती लागतेच.

आता सांगतो कसं करायचं, माप मी यंदा वजनकाट्यावर ठेवून लिहून काढलंय, म्हणजे पुढच्या पिढीने मला "पुरतील इतके" म्हणून शिव्या घालायला नकोत. चार माणसांना तीनशे ग्रॅम सोललेले जून मटार, चारशे ग्रॅम छोटे नवे बटाटे. बटाट्याची साल सोलणीने काढायची नाही, ओल्या हाताने किंवा खरखरीत फडक्याने चोळली की पापुद्र्यासारखी निघते, राहिली तरी चालते, फक्त हिरवा झालेला भाग असेल तर तो सढळ हाताने कापून टाका, हिरव्या भागात सोलॅनिन असतं. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर लोणी, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग परतायचा, लाल होऊ द्यायचा नाही, मग मटार आणि बुडतील इतकं पाणी. बटाटे आत्ताच नाही, मटार निम्मेअधिक शिजले की बटाटे. मीठ पण तेव्हाच. झाकण ठेवून मंद आच, मधेमधे बघायचं, पाणी फार आटलं तर गरम पाण्याचा शिपका. बटाट्यात सुरी सहज गेली की झाकण काढून पाणी आटवायचं, अगदी तळाला दाट थर राहील इतकं, आणि मग पाव लिटर दूध, आधी कोमट केलेलं.

दुधाची घाई करू नका. भाजीतली आम्लं आणि जोराची उकळी एकत्र आली की दूध फाटायची भीती असते, म्हणून दूध शेवटी आणि आच बारीक, कडेने बुडबुडे दिसले की पुरे, खदखदू द्यायचं नाही. पळीच्या पाठीने दहा-बारा दाणे पातेल्याच्या कडेला चेचायचे, हे आईला माझ्या हातातली पळी घेताना आठवलं, आजी असं करायची हे ती बोलली नाही, तिचा हातच तसा गेला. मग चिमूटभर साखर, ताजी मिरपूड, आणि पातीचा हिरवा भाग चिरून वरून.

आईने त्या दिवशी दोनदा घेतलं. बायको मात्र अजूनही हिरव्या मटारांच्या बाजूने आहे, मळकट रंग बघून तिची भूक मरते म्हणे, आणि तिचं तरी काय चुकलं, तिच्या लहानपणी हे नव्हतंच. त्यामुळे आमच्याकडे आता वाटणी अशी झालीये की सुरकुतलेल्या वाफ्यातले तिचे आणि मुलीचे, वाफवून लगेच, गुळगुळीत वाफ्यातले आईचे आणि माझे, वेल पिवळे पडल्यावर. वेल उपटायचे नाहीत बरं का, जमिनीलगत कापायचे, मुळं मातीतच कुजू द्यायची म्हणजे गाठींतला नायट्रोजन पुढच्या पिकाला मिळतो. माझ्या वाफ्यात आता तिथे पालेभाजी टाकायचीय.

आणि पातेल्यात उरलंच तर दुसऱ्या दिवशी ते इतकं घट्ट होतं की पळी उभी राहते. थोडं दूध घालून हलकं गरम करा आणि भाजलेल्या ब्रेडवर जाड थर द्या, वर मिरपूड, मला तर ते आदल्या दिवशीपेक्षा जास्त आवडतं.